शब्दांधता : मेंदूविज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या दप्तरखान्यातील जुनी कपाटे रिकामी करावयाची होती. वाळवी लागलेल्या हजेरीपटांखाली सातवीच्या वर्गाची एक नोंदवही सापडली. वही सत्तावीस वर्षांपूर्वीची असून तिच्यातील हस्ताक्षर माझेच होते. एका विद्यार्थ्याच्या नावापुढे मी शेरा लिहिला होता : ‘बुद्धी चांगली, परंतु आळशी. वाचनाकडे बुद्धिपुरस्सर दुर्लक्ष.’

तो मुलगा मला चांगला आठवतो. कविता दोनदा ऐकली की त्याला पाठ होई. तोंडी हिशेबात वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु पुस्तक हाती देऊन उभे केले की हाच मुलगा ओळीवर बोट ठेवून घामाघूम होई. कालच वाचलेला शब्द आज त्याला परका वाटे. लिहिताना काना एका अक्षराचा, तर मात्रा दुसऱ्याच अक्षरावर जाई. मी त्याला बाकावर उभे केले, शुद्धलेखनाची पाने दहा दहा वेळा लिहून आणावयास लावली, एकदोन वेळा छडीही वापरली. आठवीत असताना त्याने शाळा सोडली.

वही पुन्हा वाचताना ‘आळशी’ या शब्दापेक्षा ‘बुद्धिपुरस्सर’ हा शब्द मला अधिक बोचला. आळस हा निदान स्वभावदोष तरी समजता येतो; परंतु ‘बुद्धिपुरस्सर’ म्हणताना मी त्या मुलाच्या मनातील हेतूविषयी निर्णय देऊन मोकळा झालो होतो. असा निर्णय देण्याचा अधिकार शिक्षकास आहे काय, याचा विचार पश्चिमेकडील वैद्यकाने एकोणिसाव्या शतकात वेगळ्याच वाटेने केला. त्या विचाराचा इतिहास आपणा शिक्षकांस उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे थोडक्यात मांडीत आहे.

मनुष्याच्या वर्तनाचे मूळ शरीरात कोठे आहे हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुताने चेतनेचे स्थान हृदय मानले. ग्रीकांपैकी ॲरिस्टॉटलचाही कल हृदयाकडेच होता. उलट हिपोक्रातिसाच्या परंपरेतील वैद्यांनी अपस्मार हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे ख्रिस्तपूर्व काळातच लिहून ठेवले. पुढे मेंदूचा पक्ष प्रबळ झाला. तरीही मेंदू सर्व मिळून एकच काम करतो, की त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे सोपविलेली आहेत, याविषयी वाद शिल्लक राहिला. त्याचा पहिला भक्कम निकाल १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात लागला.

तेथे लबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे राहत होता. त्याला कोणताही प्रश्न विचारला तरी तो ‘तान, तान’ एवढेच उत्तर देई. त्यामुळे सर्व जण त्याला ‘तान’ याच नावाने ओळखत. बोललेले मात्र त्याला बहुतांशी समजत असे. पुढे त्याचे उजवे अंग लुळे पडले, आणि १८६१ च्या एप्रिलात उजव्या पायाला झालेल्या संसर्गामुळे त्याला शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्या विभागात आणण्यात आले. १७ एप्रिल रोजी तो मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या खंडात, झिजून नष्ट झालेला भाग दिसला. ब्रोकांनी तो मेंदू दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे मांडला. अशीच अनेक उदाहरणे पाहिल्यानंतर, आपण मेंदूच्या डाव्या अर्धाने बोलतो, असा सिद्धान्त त्यांनी १८६५ मध्ये सांगितला.

या वृत्तान्तातील एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. तान हा स्वार्थी, सूड घेणारा, दुष्ट मनुष्य आहे अशी रुग्णालयात त्याची ख्याती होती. सोबतचे रुग्ण त्याचा तिरस्कार करीत. त्याच्यावर चोरीचाही आळ घेत. ब्रोकांनी ही माहिती आपल्या निवेदनात दिली, आणि लगेच पुढे, हे दोषसुद्धा बऱ्याच अंशी मेंदूतील विकाराचेच असू शकतील, अशी पुस्ती जोडली. ज्याला आपले म्हणणे कोणापुढेही मांडता येत नाही, त्याच्या हेतूंविषयी इतरेजनच बोलतात, आणि सहसा बरे बोलत नाहीत. शाळेत वाचता न येणाऱ्या मुलाची अवस्था याहून फार निराळी नसते.

ब्रोकांच्या मागोमाग १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन वैद्याने दुसऱ्या प्रकारचा वाचाघात दाखविला. त्याच्या रुग्णांचे बोलणे अस्खलित होते, परंतु त्याला अर्थ नव्हता; आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नव्हते. येथे दोष मेंदूच्या डाव्या बाजूसच, परंतु कानाच्या वरच्या भागात, मागे होता. वेर्निकेची दृष्टी केवळ स्थानांवर नव्हती. स्थानांना जोडणाऱ्या तंतूंच्या वाटाही त्याने महत्त्वाच्या मानल्या. गाव शाबूत असले तरी रस्ता खचला की व्यवहार थांबतो, हा विचार मज्जासंस्थेच्या अभ्यासात येथून पुढे रुजला. १८७७ मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी, दृष्टी चांगली आणि वाचा शाबूत असूनही केवळ लिखित शब्द ओळखता न येणे, या विकारास ‘शब्दांधता’ असे नाव दिले. स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी १८८७ च्या आपल्या पुस्तकात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द योजिला. आज तो आपल्याही कानांवर वारंवार पडतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमधील एका सुशिक्षित, संगीतप्रेमी, अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त व्यापाऱ्यास एकाएकी असे आढळले की, आपल्याला एकही शब्द वाचता येत नाही. नेत्रवैद्याने त्यास झ्यूल देजेरीन यांच्याकडे पाठविले. हा गृहस्थ उत्तम बोले, श्रुतलेखन शुद्ध लिही, आकडे वाची, हिशेब करी. परंतु स्वतः लिहिलेला कागद क्षणभराने पुढे ठेवला तर तो त्याला वाचता येत नसे. अक्षरे त्याला दिसत होती, पण ती चित्रांसारखी. एक अक्षर त्याला चित्रकाराच्या घोडीसारखे दिसे, दुसरे सापासारखे, तिसरे पट्ट्याच्या बकलासारखे. अक्षरावरून बोट फिरविले तर मात्र हाताला ते आठवे. १८९२ मध्ये तो वारल्यावर शवविच्छेदनात आढळले की, मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा, दृष्टीशी संबंधित भाग जुन्या आघाताने नष्ट झाला होता, आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचा मागील भागही बाधित होता. देजेरीन यांच्या मते अक्षरांच्या स्मृतीचे स्थान पहिल्या आघातानंतर शाबूत राहिले होते, म्हणूनच त्याला लिहिता येत होते. डोळ्यांकडून त्या स्थानाकडे जाणारी वाट तेवढी तुटली होती.

यानंतरचा रुग्ण स्वतः शिक्षकच होता. ग्लासगोचे नेत्रशल्यवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये फ्रेंच व जर्मन शिकविणाऱ्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या अध्यापकाची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने तपासण्यासाठी दिलेला उतारा त्याला एकाएकी वाचता येईना. कागदातच काही दोष असावा असे वाटून त्याने पत्नीस हाक मारली, आणि तुला हे वाचता येते काय असे विचारले. तिला ते सहज वाचता आले. आकडे तर त्यालाही पूर्वीप्रमाणेच वाचता येत होते.

येथपर्यंतचे सर्व रुग्ण प्रौढ होते. ते एकदा वाचू-बोलू शकत होते, आणि आघाताने ती शक्ती गेली होती. त्यांपैकी पॅरिसच्या व्यापाऱ्यास किंवा ग्लासगोच्या अध्यापकास कोणी आळशी म्हणाले नाही. कारण कालपर्यंत येत होते ते आज येत नाही, हे सर्वांना दिसत होते. ज्याला ती शक्ती कधी आलीच नाही अशा मुलाचे काय? त्याचा कालचा पुरावा कोठून आणावयाचा?

हा प्रश्न सीफर्ड या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लहानशा गावातील एका वैद्याने सोडविला. डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी हिन्शेलवुडचा लेख वाचला होता. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन छापले. हा मुलगा हुशार, सुशील, खेळात चपळ, आईबाप बुद्धिमान. सातव्या वर्षापासून शाळेत किंवा खासगी शिक्षकांपाशी तो शिकत आला होता. सात वर्षांच्या परिश्रमानंतरही एकावयवी सोपे शब्द तेवढे तो कष्टाने वाची. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्याने अक्षरांची अदलाबदल केली, आणि कोणी दाखवून देईपर्यंत ती त्याच्या लक्षातही आली नाही. याच मुलाने नऊ आकडी संख्या अडखळल्यावाचून वाचून दाखविली आणि बीजगणितातील एक गुणाकारही बरोबर केला. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता. डोक्यास कधी इजाही झालेली नव्हती.

मॉर्गन यांनी युक्तिवादाची दिशा उलट केली. आघाताने जी शक्ती एकटीच नष्ट होऊ शकते, ती जन्मतःच एकटी दुबळी असणे अशक्य का मानावे? म्हणून त्यांनी या अवस्थेस ‘जन्मजात शब्दांधता’ म्हटले. परंतु या निष्कर्षासाठी त्यांना शवविच्छेदनाचा आधार नव्हता. महत्त्वाचा आधार होता तो पर्सीला काही वर्षे शिकविलेल्या शिक्षकाच्या साक्षीचा. त्या शिक्षकाचे म्हणणे असे होते की, शिक्षण जर सर्वस्वी तोंडी असते तर हा मुलगा शाळेतील सर्वांत हुशार ठरला असता.

लेखात त्या शिक्षकाचे नाव नाही. तथापि मेंदूविज्ञानाच्या या प्रकरणात त्याचे स्थान ब्रोका आणि देजेरीन यांच्या पंक्तीस आहे, असे म्हणावयास हरकत नसावी. त्याने केले ते एवढेच की, मुलाचे तोंडी काम आणि लेखी काम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि दोहोंतील अंतराचा दोष मुलाच्या माथी मारण्याची घाई केली नाही. मीही हेच अंतर पाहिले होते. माझ्या शेऱ्यातील ‘बुद्धी चांगली’ हे शब्द त्याचा पुरावा आहेत. त्या शिक्षकाने या अंतरापाशी प्रश्न उभा केला; मी आरोप ठेवला.

पुढील इतिहास त्वरित सांगता येईल. हिन्शेलवुड यांनी १९०७ मध्ये एकाच कुटुंबातील चार भावांत हा विकार नोंदविला. त्यामुळे तो आनुवंशिक असू शकतो हे ध्यानात आले. १९१७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा मुलांना वर्गाबरोबर न ओढता एकेकट्याने शिकवावे असा आग्रह धरला. अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ऑर्टन या वैद्याने १९२५ मध्ये अशाच शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचे दोन्ही गोलार्ध परस्परांशी स्पर्धा करतात, आणि त्यामुळे अक्षरे उलटसुलट होतात, अशी त्यांची उपपत्ती होती. ती पुढे टिकली नाही. परंतु डोळा, कान आणि हात यांना एकत्र आणून अक्षर शिकविण्याची जी पद्धत ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली, तिची परंपरा आजही चालू आहे. बोटाने गिरवून अक्षर ओळखणारा पॅरिसचा व्यापारी येथे सहजच आठवतो, आणि धूळपाटीवर अक्षर गिरविणारी आपली जुनी शाळाही.

जन्मजात शब्दांधतेत मेंदूत काही निराळेपण दिसते काय, याचे प्रत्यक्ष उत्तर मिळण्यास बराच काळ जावा लागला. १९७९ मध्ये अल्बर्ट गालाबुर्दा आणि टॉमस केम्पर यांनी अशा एका दिवंगत तरुणाच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. डाव्या बाजूच्या भाषाक्षेत्रांत काही पेशी विकासाच्या काळातच भलत्या जागी जाऊन वसल्या होत्या. पुढे जिवंत मनुष्याच्या मेंदूचे कार्य यंत्राने पाहण्याची सोय झाली. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच व इंग्रजी वाचकांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन लेखन बहुतांशी उच्चारानुसारी असल्यामुळे तेथील शब्दांध प्रौढ इतर दोन्ही भाषांतील शब्दांधांपेक्षा बरे वाचीत. तथापि वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या एकाच भागात तिघांचीही हालचाल सारखीच मंद होती.

हा निष्कर्ष आपणांस विशेष विचारणीय आहे. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, म्हणून आपल्याकडे हा विकार असावयाचा नाही, अशी समजूत मी शिक्षकांच्या बैठकीतून अनेकदा ऐकली आहे. ती निराधार आहे. लिपी सरळ असेल तर चुका कमी होतील, विकार काहीसा झाकला जाईल; परंतु मूळ दुबळेपणा राहीलच. शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळही नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर काढावयाचा आणि उच्चारावयाचा मात्र त्याच्या आधी. आपल्याला हे अंगवळणी पडले आहे, म्हणून त्यातील कसरत आपल्याला दिसत नाही.

मेंदूच जर वर्तन घडवितो, तर शिक्षकाच्या हाती काय उरले, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तरही याच इतिहासात आहे. लेखनकला केवळ पाचएक हजार वर्षांची आहे. वाचनासाठी म्हणून मेंदूत निसर्गतः राखून ठेवलेली जागा असणे शक्य नाही. स्तानिस्लास देहेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये ब्राझील व पोर्तुगाल येथील निरक्षर आणि साक्षर प्रौढांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की, मूळ दृष्टीच्या कामात असलेला डाव्या बाजूचा एक भाग वाचन शिकल्याने अक्षरांसाठी तयार होतो. आणि हे प्रौढपणी साक्षर झालेल्यांतही घडते. २०१७ मध्ये लखनौजवळच्या ग्रामीण भागातील निरक्षर प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना सहा महिने देवनागरीत हिंदी वाचावयास शिकविले होते. तेवढ्या काळात मेंदूच्या पृष्ठभागाचाच नव्हे, तर खोलवरच्या केंद्रांचाही परस्परांशी संपर्क बदललेला आढळला. म्हणजे मेंदू वर्तन घडवितो हे जितके खरे, तितकेच शिक्षण मेंदू घडविते हेही खरे. शिक्षकाचे काम कमी झालेले नाही. ते अधिक कष्टाचे झाले आहे.

उलट बाजूची एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही तो प्रत्येक मुलगा शब्दांध नसतो. कोणास चष्म्याची गरज असते, कोणास कमी ऐकू येते, कोणी उपाशीपोटी येतो. आमच्या सीमाभागात तर घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी अशी अनेक मुलांची स्थिती आहे. आणि काही मुलांना, स्पष्टच बोलावयाचे तर, आपण नीट शिकविलेलेच नसते. या सर्वांना एकाच नव्या शब्दाने झाकणे म्हणजे माझाच जुना आळस नव्या नावाने चालू ठेवणे होय. निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. आपले काम सीफर्डच्या त्या प्रकरणातील शिक्षकाचे आहे : तोंडी आणि लेखी कामातील अंतर प्रामाणिकपणे टिपावयाचे, आणि हेतूविषयी निर्णय देण्याचे थांबावयाचे. आपल्या देशात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस त्या यादीत स्थान दिले. १८९६ पासून मोजले तर यास एकशेवीस वर्षे लागली. परंतु कायदा वर्गात येतो तो शिक्षकाच्या पावलांनीच.

माझा तो विद्यार्थी आज याच गावात मोटारी व पंप दुरुस्त करण्याचे दुकान चालवितो. शाळेच्या विहिरीवरील पंप जळाला तेव्हा तोच आला, आणि केवळ आवाज ऐकून त्याने बिघाड सांगितला. बिलाचा कागद मात्र त्याच्या मुलीच्या अक्षरातील होता. त्याने माझ्या पायांना हात लावला, तेव्हा मला संकोच वाटला. पण त्या दिवशी मी काही बोलू शकलो नाही.

त्याचा धाकटा मुलगा यंदा आमच्याच शाळेत पाचवीत आहे. सहामाहीनंतर वर्गशिक्षिकाबाईंनी प्रगतिपुस्तके सहीसाठी आणली, तेव्हा त्याच्या नावापुढील शेरा मी वाचला : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ मी सही केली नाही. बाईंना बसावयास सांगितले, कपाटातून ती जुनी नोंदवही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्या मुलाची सर्व विषयांची तोंडी परीक्षा घेतली. तोंडी गुण एका रकान्यात आणि लेखी गुण शेजारच्या रकान्यात मांडले. तो कागद घेऊन संध्याकाळी मी त्याच्या वडिलांच्या दुकानी गेलो. मुलाची जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी असे मी त्याला सांगितले, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी जे लिहिले होते तेही त्याला वाचून दाखविले. त्याने हातातील पाना खाली ठेवला, आणि ते दोन रकाने पुन्हा एकदा वाचावयास सांगितले.